म्हस वाळूत रुतली ती दुपार

माझी पोस्टिंग म्हशीवर झाली तेव्हा मी ट्रेनिंग संपवून रजेवर कोरगावला आलो होतो आणि काजूच्या बिया पुंजावत, म्हणजे गोळा करत, होतो. बाजारातल्या दुकानात फोन आला. दुकानदाराने हाक मारली, मी धावत गेलो, ऐकलं, "येस सर" म्हटलं आणि फोन ठेवला. आईने विचारलं, "काय म्हणतत?" मी म्हटलं, "जहाज मिळालं." कुठलं, ते मला कळलंच नव्हतं. इंग्रजीत सांगितलं होतं.

जहाजाचं कागदावरचं नाव भारदस्त होतं. मला ते नीट म्हणता यायचं नाही, आजही येत नाही. आम्ही तिला म्हस म्हणायचो. पोट सपाट, नाक बोथट, चाल मंद. नाकात दोन मोठे दरवाजे. किनाऱ्याला जाऊन नाक वाळूवर टेकवायचं, दरवाजे उघडायचे, रॅम्प खाली सोडायचा, की पोटातून जवान, ट्रक, रणगाडे सरळ वाळूवर. जेटी नको, बंदर नको. लोकांना नेव्ही म्हटलं की तोफा डोळ्यांसमोर येतात. आमच्याकडेही तोफा होत्या, पण आमचं काम माणसं पोचवायचं. गोव्याच्या एसटीसारखं, कदंबाच्या बशीसारखं. फक्त कंडक्टर नेव्हीच्या युनिफॉर्मात.

मी कुक. त्या काळी मॅट्रिक न झालेल्यांचीही भरती व्हायची, कुक, स्ट्युअर्ड, असल्या कामांना. शाळेने मला सातवीच्या पुढे नेलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. भरतीच्या साहेबांनी विचारलं, "खाना बनाना आता है?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "येस सर." मला पेज येत होती. ती पण आई बाजूला उभी असली तर.

पहिल्या फेरीला म्हशीच्या पोटात सैन्याचे जवान भरले होते. सपाट पोटाचं जहाज समुद्रात चालत नाही, लोळतं. जवान वाळवंटातले, डोंगरातले. त्यांनी बंकवर पडून देवाचं नाव घेतलं. पण सगळ्यांत आधी ओकला तो मी. भात ढवळता ढवळता. चीफ कुक दारात उभे होते. त्यांनी टोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुक, तू खिलाने आया है या डराने?"

"सॉरी, चीफ."

"पूरा टोप समंदर में. बिस्कुट बाँटो."

त्या दिवशी सगळ्या जहाजाने बिस्किटं खाल्ली, आणि कशामुळे ते सगळ्या जहाजाला माहीत होतं. संध्याकाळी गॅलीच्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराच्या, दारात एक लांबुडका माणूस येऊन उभा राहिला. बाहीवर अँकरचा बिल्ला. म्हणजे किलिक, लीडिंग सीमन, माझ्याहून वरचा.

"खंयचो रे तू?"

गोंयची भाषा ऐकून माझे डोळे भरले. मळमळीने आधीच भरलेले होते. म्हटलं, "कोरगावचो. जयराम."

"पेडण्याचो! मागीर बरोबर असा. मी सर्वणचो. सगुण."

कोरगाव पेडण्यात, सर्वण डिचोलीच्या बाजूला. गोव्याच्या नकाशावर आमचं अंतर बोटभर, पण सगुणला ते पुरेसं होतं. माझं काहीही चुकलं की तो म्हणायचा, "पेडणें." एवढंच. भात करपला, पेडणें. मी शिडीवरून घसरलो, पेडणें. एकदा मला घरची आठवण झाली म्हणून मी रविवारी उंडे, म्हणजे गोल पाव, भाजले. आमच्या पोदेराच्या, पाववाल्याच्या, भट्टीतले उंडे कसे, वरून कडक, आतून मऊ. माझे आतूनही कडक. सगुणने एक उंडा घेतला, हिव्हिंग लाईनच्या, म्हणजे जेटीवर फेकायच्या दोरीच्या, टोकाला वजन म्हणून बांधला आणि फेकला. जेटीवरच्या माणसाने झेलला. उंडा फुटला नाही. कॅप्टनसाहेबांनी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

सगुणचं काम जहाजाच्या मागच्या टोकाला, स्टर्नला. म्हस किनाऱ्याकडे जाताना वाटेत मागचा अँकर समुद्रात टाकायची. अँकरला जाड लोखंडी वायर. नाक वाळूत टेकलं की ती वायर मागून जहाज सरळ धरून ठेवायची, नाहीतर लाटा त्याला आडवं करणार. परत निघताना विंचने, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या यंत्राने, तीच वायर ओढायची आणि स्वतःला मागे खेचून घ्यायचं. गाडी चिखलात रुतली की झाडाला दोरी बांधून ओढतात, तसं. त्या विंचवर सगुण. सगळ्या जहाजाला परत आणणारी दोरी त्याच्या हातात, आणि माझ्या हातात डाव.

म्हशीने काय काय नेलं ते सांगत बसलो तर संपणार नाही. बेटांवरच्या चौक्यांना जवान. त्यांच्या जागी दमलेले जवान परत. ट्रक, सिमेंट, पाण्याच्या टाक्या. एकदा खेचरं नेली, ती जवानांपेक्षा शांत होती आणि माझ्या जेवणाबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. निवडणुकीच्या पेट्या नेल्या. वादळ झालं की तांदूळ न्यायचा आणि आजारी माणसं आणायची. लढाईत ती कधी गेली नाही. म्हणून आमच्या गावात शाळेवाले मला सव्वीस जानेवारीला बोलावतात आणि पराक्रम सांगायला लावतात, तेव्हा माझी पंचाईत होते. मुलं विचारतात, "काका, किती मारले?" मी सांगतो, "माझ्या कालवणाने मेलं असेल कोणी तर नोंद नाही."

पण एक दुपार आहे. ती मी शाळेत सांगत नाही.

पूर्वेकडच्या एका बेटावर वादळ होऊन गेलं होतं. जेटी मोडली होती. मदतीला गेलेली सैन्याची तुकडी तिथे होती, आणि गावातली म्हातारी, आजारी, बाळंतीण बायका आणायच्या होत्या. दुसरं वादळ मागून येत होतं. हुकूम होता, भरतीवर बीच करा, माणसं घ्या, पाणी ओसरायच्या आत निघा.

आम्ही सकाळी नाक टेकवलं. दरवाजे उघडले. माणसं यायला लागली. जवानांनी म्हाताऱ्यांना पाठीवरून आणलं. एक म्हातारी रॅम्पपाशी येऊन बसली ती उठेना. तिची डुकरं मागे राहिली होती. तिची भाषा आम्हाला कळत नव्हती, पण डुकरांशिवाय येणार नाही एवढं कळत होतं. एक्सो, म्हणजे कॅप्टनसाहेबांच्या खालचे साहेब, घड्याळाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "गेट द पिग्ज." सैन्यातले धट्टेकट्टे जवान डुकरांमागे वाळूत धावले. मी हसत बसलो होतो. माझं काम माणसांना पाणी द्यायचं आणि टँक डेकचा, म्हणजे म्हशीच्या पोटातला, फोन पट्ट्याने डोक्याला अडकवून बसायचं. बीचिंगच्या वेळी कुक लोकांना असलं काम देतात. बाकी सगळे कामाचे असतात. फोनच्या एका टोकाला ब्रिज, दुसऱ्या टोकाला स्टर्न.

डुकरं आली. दरवाजे बंद झाले. तोवर सुकती लागली होती, म्हणजे पाणी ओसरायला लागलं होतं.

"स्टर्न, ब्रिज. हीव्ह इन."

"ब्रिज, स्टर्न. हीव्हिंग." सगुणचा आवाज. तो वायर ओढायला लागला.

इंजिनं उलटी फिरली. सगळा डेक थरथरला. टोप वाजले.

"ब्रिज, स्टर्न. वायर टाइट. नो मूव्हमेंट."

परत इंजिनं. परत तेच. वाळूने म्हशीचं पोट धरून ठेवलं होतं. पाणी प्रत्येक लाटेला थोडं थोडं कमी होत होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर आम्ही तिथेच बसणार होतो, मागून वादळ येणार होतं, आणि पोटात बाळंतिणी. मी फोनवर होतो, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी वाटलं, मला ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

पाईप झाला, म्हणजे स्पीकरवर हुकूम आला. "ऑल हँड्स, सॅली शिप."

सॅली शिप म्हणजे सगळ्या माणसांनी एकदम जहाजाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावायचं, मग परत. जहाज डुलतं, वाळूची पकड सुटते. पण सगळ्यांनी एकदम धावायला हवं. टँक डेकवर खलाशी, जवान, गावकरी, सगळे. एक्सो ओरडले, "एक! दो!" जवानांची एक-दो परेडची, चटचट. खलाशी त्यांच्या मागे. गावकऱ्यांना काहीच कळेना. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, मध्ये टक्कर, डुकरं किंचाळतायत. जहाज ढिम्म.

मी काय केलं, का केलं, मला माहीत नाही. अक्कल असती तर केलं नसतं. बाजूला भाताचा रिकामा टोप होता. तो पालथा घातला आणि डावाने वाजवायला लागलो. शिगम्याचं रोमट. शिगम्याला आमच्याकडे ढोल-ताशे घेऊन गाव मिरवतं, नाचत पुढे, नाचत मागे. तोच ताल. आणि ओरडलो, "ओस्सय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डावाने दाखवलं, इकडे! "ओस्सय!" तिकडे! "ओस्सय!" एक सरदार जवान होता, तो पहिला जोर लावून ओरडला. मग सगळे. ती डुकरवाली म्हातारी सुद्धा. कुणाला अर्थ माहीत नव्हता. अर्थ मलाही माहीत नाही, शिगम्याला ओरडतात म्हणून ओरडायचं. पण सगळी गर्दी एकदम इकडे, एकदम तिकडे जायला लागली. म्हस जरा हलली. मी खूष झालो, आणि मला जे येतं तेच केलं. ताल वाढवला. रोमट रंगात आलं की आमच्याकडे ताल वाढवतात. धडाधड, धडाधड. माणसं धडपडली. म्हस थांबली.

कानात सगुण ओरडला, "जयो! जयो रे गाढवा! वाघ पाठी लागलो काय तुझ्या?"

"कित्याक? काय जालां?"

"सावकाश! ती म्हस असा, वासरू नाय! ती डुलता तसो वाजय. मी देतंय तुका. ऐक."

तो मागे विंचवर पान्याने लोखंड ठोकायला लागला. फोनमधून मला ऐकू येत होतं. ठण... ठण... जहाज त्या बाजूला पूर्ण झुकेपर्यंत थांबायचं, मग ठण. मी त्यावर टोप वाजवला. कंटाळा येईल इतका संथ.

"हो काय ताल?" मी म्हटलं. "मढ्यामागसून चाललो वाटता."

"हो सर्वणचो. शिक."

गर्दी संथ झाली. ओस्सय... ओस्सय... म्हस डुलायला लागली. खरोखर डुलायला लागली, म्हणजे टोप आपोआप सरकायला लागला आणि मी त्याच्यामागे गुडघ्यांवर सरकत वाजवत होतो.

"ब्रिज, स्टर्न. शी इज मूव्हिंग."

"फुल अस्टर्न." इंजिनं पूर्ण जोराने उलटी फिरली.

खालून खरवडल्यासारखा आवाज आला. मग तो आवाज गेला आणि जहाज हलकं झालं. कळतं ते, पायांना कळतं. टँक डेकवर जी आरोळी उठली ती मी कधी विसरणार नाही. जवान गावकऱ्यांना उचलून नाचत होते. मला कुणीतरी टोपासकट उचललं. मी वाजवतच होतो. आता माझा ताल, धडाधड, कारण आता कोण सांगणार होतं. फोन कानाला होताच. मी म्हटलं, "काय रे सगुण! सुटली म्हस! आता सांग, पेडणें काय?"

पलीकडून काही नाही.

"सगुण? आयकतंस मरे?"

मग दुसराच आवाज आला. "टँक डेक, स्टर्न. स्ट्रेचर टु स्टर्न. एट वन्स."

बीचिंगला कुक लोकांचं अजून एक काम असतं, स्ट्रेचर उचलायचं. मी टोप ठेवला आणि स्ट्रेचर घेऊन धावलो.

जे झालं ते मी बघितलेलं नाही, स्टर्नवरच्या लोकांनी सांगितलेलं सांगतो. जहाज एकदम सुटलं आणि जोरात मागे आलं. ताणलेली वायर ढिली पडली आणि प्रोपेलरच्या दिशेने जायला लागली. वायर प्रोपेलरमध्ये गुंडाळली असती तर इंजिन बंद, आणि लाटांनी आम्हाला परत किनाऱ्यावर नेऊन आडवं टाकलं असतं, सगळ्या माणसांसकट. इंजिन थांबवता येत नव्हतं, थांबवलं तर लाटा परत वाळूवर ढकलणार. ढिली वायर भराभर विंचवर घ्यायला हवी होती. सगुणने बाकीच्यांना मागे जायला सांगितलं आणि स्वतः लिव्हरवर राहिला. वायर येत होती. बरीचशी आली. मग जहाज लाटेवर चढलं, वायरला हिसका बसला, ती रोलरवरून उडाली आणि त्याला लागली.

लिव्हर त्याने सोडला नव्हता. वायर वर आलेली होती.

मेडिकलवाल्याने जे करायचं ते केलं. मी पाय धरले होते. सगुणने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखलं की नाही सांगता येत नाही. मी काहीतरी बोलत होतो. काय बोलत होतो तेही आठवत नाही. उन्हं उतरायच्या आत तो गेला.

चीफ कुक आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "लोग भूखे हैं." मी गॅलीत गेलो आणि भात लावला. टोप तोच होता. दुसरा एवढा मोठा नव्हता.

सगुणला घरी पोचवायचं काम मला दिलं, कारण मी गोव्याचा. विमानाने दाबोळीला आणलं, तिथून गाडीने सर्वणला. पेटी, झेंडा, बंदुकींची सलामी, सगळं रीतीप्रमाणे झालं. सगुणची आई आधीच वारलेली. बाबा होते. शेतकरी माणूस, हात मातीसारखे. साहेबांनी घडी केलेला झेंडा दिला तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. सगळे गेल्यावर मला बोलावलं. मी तयारी केली होती, शूर होता, असा होता, तसा होता. त्यांनी विचारलं, "बोट सुटली?"

"सुटली, बाबा."

"माणसां?"

"सगळी पोचली."

"बरें," म्हणाले. आणि आत गेले.

तेव्हापासून दर वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की मी सर्वणला जातो. कोरगावहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, पुढे मिळेल ते. अलीकडे गुडघे कुरकुरतात, बशीच्या पायऱ्या उंच झाल्यात. बाबा खिडकीजवळ, जनेलाकडच्या कदेलवर, म्हणजे खुर्चीत, बसलेले असतात. मी आलो की एकच विचारतात.

"बोट कशी असा?"

मी सांगायचो. डॉकमध्ये नेली बाबा, नवा रंग दिला. यंदा पुराला गेली होती, तांदूळ घेऊन. यंदा बेटांवर जवान सोडले. ते मान हलवायचे. जसा काही झील, म्हणजे मुलगा, परदेशात असतो आणि त्याची खबर कुणी आणतं. मी निवृत्त झालो तरी जुन्या दोस्तांना फोन करून विचारायचो, म्हस कुठे आहे. दोस्त म्हणायचे, तुला काय करायचं आहे? मी म्हणायचो, मला नको आहे, दुसऱ्याला हवं आहे.

यंदा दोस्ताचा फोन आला. म्हशीला नेव्हीतून काढलं. सूर्यास्ताला झेंडा उतरवला, लांब फीत लावली होती, बँड होता. आता भंगारात जाणार, तुकडे करणार.

चवथ झाली. मी दोन आठवडे टाळलं. बायको म्हणाली, "जाऊन ये. नाय गेलंस तर तुका झोप लागाची नाय आणि माका पण नाय." गेलो. बशीत ठरवलं, खोटं सांगायचं. ठीक असा म्हणायचं. आयुष्यभर लोकांना हसवायला इतकं खोटं बोललो, एक जास्त. बाबांचं वय झालं आहे, किती वर्षं सांगावं लागणार?

कदेलवर बसलेले होते. बारीक झालेले. नजर गेली आहे, पायांच्या आवाजाने ओळखतात.

"जयराम?"

"होय, बाबा."

"बोट कशी असा?"

तोंड उघडलं आणि खोटं आलंच नाही. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, "काढली, बाबा. जुनी जाली. मोडतत आता तिका."

बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता विचारतील, मग माझा झील कशाला गेला? इतकी वर्षं बोट होती, तेच उत्तर होतं.

"मागीर आता तू येवचंस नाय?" त्यांनी विचारलं.

"कित्याक नाय? येतलंय."

"बोट नाय तर काय सांगतलंस?"

ते जरा पुढे झुकले.

"इतकी वर्षां बोटीचा सांगलंस. मी पण बोटीचाच विचारलंय. दुसरा विचारूंक धीर जालो नाय. आता माझ्या झिलाचा सांग."

शूर होता, ते त्यांना माहीत होतं. मग आठवलं ते सांगितलं. म्हटलं, बाबा, सगुण झोपेत बैल हाकायचा. मेस डेकवर आम्ही सगळे झोपलेले, खाली-वर बंक, आणि तो झोपेत ओरडायचा, "खैऱ्या! हा, हा! बांधार चडू नको!" वरच्या बंकवर बिहारचा एक होता, तो झोपेतच म्हणायचा, "ठीक है, भाई." सगळ्या जहाजाला तुमच्या बैलाचं नाव पाठ होतं. एक्सो साहेबांनी एकदा सगुणला विचारलं, हा खैऱ्या कोण, कुठल्या ब्रँचचा?

बाबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे. डोळे पुसले, परत हसले.

"खैऱ्यो," म्हणाले. "बांधार चडायचोच तो. सगुणच्याच हातात ऱ्हवायचो, दुसऱ्याक ढकलायचो."

सगुणच्या भावाच्या बायकोने चहाचा कोप आणून मेजावर ठेवला, तो निवत चालला.

"आणखी सांग," म्हणाले.